अझूसाची गल्ली आणि वरच्या मजल्यावरचा संसार

शुक्रवार

भाच्याने चहा घेता घेताच सांगून टाकलं, "मामा, त्या गल्लीत बघण्यासारखं काही नाहीये. एक पाटी आहे फक्त. त्यापेक्षा युनिव्हर्सल स्टुडिओला जाऊ." मी म्हटलं, पाटी तर पाटी. लॉस एंजेलिसला यायचं आणि अझूसा स्ट्रीट न बघता परतायचं, हे पाळकाच्या पोराला शोभत नाही. आमचे पपा दौंड तालुक्यात पेंटेकॉस्टल मंडळीचे पाळक होते. पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे आत्मा अंगावर उतरला, की माणूस न शिकलेल्या अन्य भाषांत बोलू लागतो, असं मानणारे ख्रिस्ती ते पेंटेकॉस्टल. प्रार्थनेचा हॉल पुढे आणि मागे दोन खोल्या, त्यात आम्ही. 1906 मध्ये अझूसा स्ट्रीटवर ज्याच्या सभांनी ही चळवळ गाजली तो काळा पाळक विल्यम सीमूर; त्याचं नाव मी शाळेच्या पुस्तकात नाही, पपांच्या संदेशात ऐकलं. म्हणून ही तीर्थयात्रा म्हणा हवी तर, भाच्याच्या गाडीतून.

जूनमध्ये इथे सकाळी आभाळ भरून येतं आणि पाऊस मात्र पडत नाही. रस्त्याकडेला जॅकरांडाच्या जांभळ्या फुलांचा सडा. लिटल टोकियोत सॅन पेद्रो स्ट्रीटवर उतरलो आणि पाहिलं तर भाचा अगदी चुकीचा नव्हता. अझूसा स्ट्रीट म्हणजे एक बोळ. मालाच्या गाड्या उभ्या राहतात तसला. दोन मिनिटांत संपतो आणि समोर जपानी सांस्कृतिक केंद्राचं मोठं विटांचं पटांगण लागतं. इसामू नोगुची या शिल्पकाराने त्या पटांगणात बेसॉल्टचे दोन प्रचंड धोंडे मांडलेत, पहिल्या पिढीच्या जपानी स्थलांतरितांसाठी. त्यांच्या आसपासच कुठेतरी 312 अझूसा स्ट्रीट हा सीमूरच्या मिशनचा पत्ता होता. पाटीवर सीमूरचं नाव आहे आणि 1906 ते 1931 ही सालं आहेत.

इमारत कशी होती ते मात्र बारकाईने माहीत आहे, कारण आलेल्या प्रत्येकाने लिहून ठेवलंय. साधारण 40 बाय 60 फुटांची लाकडी इमारत. आधी कृष्णवर्णीय मेथडिस्टांचं चर्च, त्यांनी सोडल्यावर खाली तबेला आणि लाकूडफाट्याचं कोठार. सीमूरच्या लोकांनी ती झाडून काढली, जमिनीवर भुसा पसरला, खिळ्यांच्या रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून बाकं केली. व्यासपीठ म्हणून लाकडी खोकी एकावर एक. प्रार्थना चालू असताना सीमूर त्या वरच्या खोक्यात डोकं घालून बसायचा. दानाची थाळी फिरत नसे, दाराजवळ एक पेटी असे. दिवसातून तीन सभा, आठवड्याचे सातही दिवस, रात्री उशिरापर्यंत, आणि हे तीन वर्षांहून जास्त चाललं.

1906 सालच्या अमेरिकेत काळे, गोरे, मेक्सिकन, चिनी एका बाकावर बसून एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, ही गोष्ट त्या काळच्या वर्तमानपत्रांना अन्य भाषांपेक्षाही जास्त झोंबली असावी. लॉस एंजेलिस टाइम्सने 18 एप्रिलला या सभांची टिंगल करणारी बातमी छापली. त्याच पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला. मग काय, चेष्टा वाचून आलेले लोक गुडघ्यावर बसले.

भाचा तोवर फर्स्ट स्ट्रीटवरच्या फुगेत्सुदोमधून मोची घेऊन आला. हे दुकान 1903 पासूनचं, म्हणजे मिशनपेक्षा तीन वर्षांनी मोठं. तांदळाची मऊ पारी आणि आत पुरणासारखं गोड सारण. धोंड्याजवळ बसून खाल्लं. भाचा म्हणाला, "मामा, दुकान टिकलं आणि चर्च पाडलं, हे कसं काय?" प्रश्न बरोबर होता. पुढचे दिवस त्याच्याच मागे गेले.

शनिवार

आज बॉइल हाइट्समधलं एव्हरग्रीन सेमेटरी. 1877 सालचं हे कबरस्तान. शहरातली बरीच कबरस्तानं काळ्यांना दारात उभी करत नव्हती तेव्हाही इथे त्यांना जागा मिळायची. आर्मेनियन, जपानी, मेक्सिकन, सगळ्यांचे दगड शेजारी शेजारी. भिंतीच्या बाहेरून धावण्यासाठी रबरी पट्टा केलाय, त्यावर बायाबापड्या कानात गाणी घालून चालतात. आत गवत वाळलेलं.

कबर शोधायला वेळ लागला. साधा दगड आहे. त्यावर 'आमचे पाळक' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द. जगभरातल्या पेंटेकॉस्टल चळवळीचा आद्य पुरुष वगैरे काही नाही. ज्या मूठभर लोकांनी त्याला पुरलं त्यांच्या लेखी तो कुणाचाच आद्य पुरुष नव्हता. रविवारी संदेश देणारा, आजाऱ्यापाशी बसणारा आपला पाळक होता. 28 सप्टेंबर 1922 ला तो हृदयविकाराने गेला, वय 52.

तिथे सावलीत बसून भाच्याला त्याची गोष्ट सांगितली, कारण त्याला फक्त पाटीवरचं नाव माहीत. लुइझियानातल्या सेंटरव्हिलला 2 मे 1870 चा जन्म. आईवडील सायमन आणि फिलिस, दोघंही गुलामीतून सुटलेले. वडील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात लढलेले. बाप गेल्यावर घरात काय उरलं होतं याची 1896 ची सरकारी नोंद आहे: एक जुनी खाट, एक जुनी खुर्ची, एक जुनी गादी. बाकीच्या चीजवस्तूंची किंमत 55 सेंट. पोरगा उत्तरेला गेला, इंडियानापोलिसमध्ये हॉटेलात वेटर झाला, सिनसिनाटीला देवी निघाल्या आणि डावा डोळा गेला. चेहऱ्यावरचे व्रण झाकायला दाढी वाढवली, असं सांगतात.

1905-06 च्या हिवाळ्यात तो ह्यूस्टनला चार्ल्स पारहम या गोऱ्या उपदेशकांच्या बायबल शाळेत पोचला. टेक्ससात काळ्यागोऱ्यांनी एका वर्गात बसायचं नाही असा कायदा. पारहम यांनी वाट काढली ती अशी: सीमूरने बाहेर व्हरांड्यात बसायचं, दार थोडं उघडं ठेवायचं. पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा धडा त्याने असा दाराच्या फटीतून घेतला. पपा संदेशात हे सांगायचे तेव्हा मागच्या सतरंज्यांवर बसलेले आमचे काही म्हातारे मान खाली घालायचे. शाळेबाहेर बसून शिकणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भाचा म्हणाला, "आणि तरी तो त्या पारहमला गुरू मानायचा?" मानायचा. 1906 च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या आदराने लॉस एंजेलिसला बोलावलं. पारहम आले, काळेगोरे एकत्र बसलेले पाहून भडकले, भर सभेत नावं ठेवली. त्यानंतर दोघांचं जमलं नाही. गुरूने शिष्याला नाकारल्याच्या गोष्टी आपल्याकडे काही कमी नाहीत, ही मला त्यातलीच वाटते, फक्त इथे शिष्याने अंगठा दिला नाही.

दुपारी ऊन चांगलंच तापलं. सेझर चावेझ अव्हेन्यूवर टॅको खाल्ले आणि घरी.

रविवार

उपासनेला कुठे जायचं यावर काल रात्री चर्चा झाली होती. भाचेसूनबाईंचं म्हणणं, एको पार्कच्या अँजेलस टेंपलला जा, पाहण्यासारखं आहे. आहेच. एमी सेंपल मॅक्फर्सन या बाईंनी 1 जानेवारी 1923 ला उघडलेलं पाच हजारांवर माणसं मावणारं सभागृह, सीमूर गेल्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी. गाडीतून बाहेरूनच बघितलं आणि पुढे गेलो. मला मोठं चर्च नको होतं.

बॉइल हाइट्समध्ये दुकानांच्या ओळीतच एक स्पॅनिश मंडळी भरते, एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला केस कापायचं दुकान. अझूसाच्या पहिल्याच वर्षी अबुंदियो आणि रोसा लोपेझ हे मेक्सिकन जोडपं तिथे आलं आणि त्यांनी आपल्या लोकांत काम सुरू केलं. त्यामुळे या भागातली स्पॅनिश उपासना हीसुद्धा त्याच झाडाची फांदी. पाऊणशे माणसं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात ड्रम. पाळकाचा मोठा मुलगा ड्रमवर, मुलगी लॅपटॉपवरून गीतांचे शब्द भिंतीवर दाखवणार, सर्वांत धाकटा जाकिटाची उशी करून खुर्च्यांखाली झोपलेला. मला हसू आवरेना. आमच्याकडे ढोलकी मी वाजवायचो, पेटी ताई, आणि धाकट्या सॅम्युएलला सतरंजीच्या घडीवर निजवलेला असायचा.

भाषा कळत नव्हती, पण कळायचं काही राहतही नव्हतं. प्रार्थनेची वेळ झाली आणि सगळे एकदम, मोठ्याने, आपापलं मागायला लागले. बाहेरच्याला हा गोंधळ वाटतो. त्यात वाढलेल्याला आवाजावरून कळतं, कुणाचं पोर आजारी आहे आणि कुणाचं कर्ज थकलंय. भाचा आधी अवघडून उभा होता, मग डोळे मिटून घेतले. पुढे एक म्हातारी अन्य भाषेत बोलू लागली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खुणेने सांगितलं, असू दे.

उपासनेनंतर मागच्या खोलीत जेवण. पाळकीणबाईंनी पहाटे उठून तामालेस केले होते. छपराच्या दुरुस्तीसाठी विक्रीला, पण पाहुण्यांकडून पैसे घेईनात. पाळक आठवडाभर एसी दुरुस्त करतात. मंडळीकडून पगार नाही. मोडक्या इंग्रजीत आमच्या गप्पा रंगल्या, इंडियात पेंटेकॉस्टल आहेत हे ऐकून त्यांना कोण आनंद. पहिला घास घेतला आणि फोन वाजला. कुणाला तरी हॉस्पिटलात नेलं होतं. ते उठले, बायबल घेतलं, गेले. बाईंनी काही न बोलता त्यांच्या ताटलीवर दुसरी ताटली पालथी घातली आणि भाच्याला वाढायला वळल्या. आईचं अगदी हेच. एकदा तर पपांचं झाकलेलं ताट दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं होतं.

भक्तीचे इतिहास लिहिणारे हे ताट लिहीत नाहीत. अझूसाच्या पुस्तकांतही बहुतेकांची गाडी 1909 ला थांबते. गर्दी ओसरली, संपलं. पण सीमूरने त्यानंतर आणखी तेरा वर्षं तिथे पाळकपण केलं, ते कसं केलं हे चार ओळींत उरकतात. माझ्या मते खरी परीक्षा त्या तेरा वर्षांत होती. तीनशे माणसं हालेलुया म्हणत असताना पाळक होणं अवघड नाही. वीस माणसं उरल्यावर रविवारी सकाळी दार उघडायला जावं लागतं.

सोमवार

बॉनी ब्रे स्ट्रीटवरचं घर. आधी वेळ ठरवून जावं लागतं. आता या भागाला फिलिपिनोटाउन म्हणतात. चढावर लहान लाकडी घर, पुढे ओसरी. हे रिचर्ड आणि रूथ ॲझबेरी यांचं घर. सीमूर फेब्रुवारी 1906 मध्ये लॉस एंजेलिसला आला तो ज्युलिया हचिन्स यांच्या छोट्या मंडळीत. अन्य भाषा हेच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचं चिन्ह, असं त्याने शिकवलं आणि पुढच्या सभेला गेला तर दाराला कुलूप. परक्या शहरात खिशात पैसा नाही. एडवर्ड ली नावाच्या सफाई कामगाराने त्याला घरी ठेवून घेतलं. तिथून प्रार्थनासभा ॲझबेरींच्या घरी आल्या. 9 एप्रिलला इथे पहिल्यांदा लोक अन्य भाषांत बोलले. गर्दी रस्त्यावर गेली, सीमूर ओसरीवरून बोलू लागला, आणि माणसांच्या वजनाने ओसरी खचली असं म्हणतात. मग गल्ली शोधावीच लागली.

बैठकीची खोली खरोखर लहान आहे. घर दाखवणाऱ्या काळ्या आजीबाईंनी मला मध्यभागी उभं केलं आणि म्हणाल्या, इथेच. आमच्याकडे जेवढ्या खोलीत गौरीगणपतीची आरास होते तेवढी जागा. समोरच्या घरात जेनी इव्हान्स मूर राहायची. त्या संध्याकाळी ती इथे होती. पियानो कधी शिकलेली नसताना ती उठली आणि वाजवत गायली, असं तिचं स्वतःचं सांगणं.

13 मे 1908 ला सीमूर आणि जेनीचं लग्न झालं. गाजावाजा नाही. लग्न लावलं एडवर्ड ली यांनी. म्हणजे ज्यांनी त्याला बेघर असताना आसरा दिला तेच वऱ्हाडी. आणि या साध्या लग्नावरून मंडळीत वादळ उठलं. प्रभू दारात उभा असताना पाळकाने संसार कसला मांडायचा, असं काहींचं म्हणणं. क्लारा लम ही 'द अपोस्टॉलिक फेथ' हे मिशनचं मासिक सांभाळायची. फुकट वाटलं जाणारं, हजारोंच्या संख्येने छापलं जाणारं, जगभर जाणारं पत्र. ती लग्नानंतर पोर्टलंडला निघून गेली आणि वर्गणीदारांच्या, म्हणजे पत्त्यांच्या, याद्या सोबत घेऊन गेली. मासिक तिथून निघू लागलं. सीमूरच्या हातात गल्लीतली इमारत राहिली आणि जगाशी असलेला धागा तुटला. परत मिळवायचे प्रयत्न फसले.

नवराबायको मिशनच्याच वरच्या मजल्यावर राहायला गेले. खाली उपासना, वर चूल. 1911 मध्ये सीमूर दौऱ्यावर असताना शिकागोचे विल्यम डरहम येऊन उपदेश करू लागले आणि गर्दी परत जमली, पण शिकवण वेगळी. सीमूर परत आला, डरहमला कुलूप लावून बाहेर काढलं. ज्याच्यासाठी कधी काळी दार बंद झालं होतं त्याने स्वतः कुलूप लावलं, हे मला आवडत नाही, पण मी पाळकाच्या घरात वाढलोय, मला कळतं. गर्दी डरहमबरोबर गेली. 1915 मध्ये सीमूरने मंडळीची नियमावली छापली, त्यात मुख्य पदं काळ्यांकडेच राहावीत अशी तरतूद होती. ज्या माणसाने रंगाची भिंत पाडली त्याला हे लिहावं लागलं. या ओळीपाशी पपा नेहमी थांबायचे, पुढे काही बोलायचे नाहीत, आणि गीत सुरू करायचे.

आजीबाईंनी विचारलं, तुम्ही कुठले? मी केडगाव सांगितलं आणि पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं. त्यांना नाव ठाऊक होतं! माझी पणजी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणलेल्या मुलींपैकी. जून 1905 मध्ये, म्हणजे अझूसाच्या आदल्या वर्षी, मुक्तीतल्या मुलींवर आत्मा उतरला. रमाबाईंनी त्याच वर्षीच्या जानेवारीत सत्तर जणींना घेऊन प्रार्थना सुरू केली होती, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. अझूसाच्या मासिकाने भारतातली ही बातमी कौतुकाने छापली. मुक्तीतल्या मिनी अब्राम्स यांची पुस्तिका चिलीला गेली आणि तिथेही हेच घडलं. सगळी ठिणगी इथूनच उडाली असं लिहिणाऱ्यांना हे जरा अडचणीचं जातं. आजीबाईंना गेलं नाही. त्या म्हणाल्या, प्रभूने काय एकच दार ठेवलंय? रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या, लेक मनोरमा आदल्या वर्षीच गेलेली. त्याच 1922 च्या सप्टेंबरमध्ये सीमूर.

त्याच्यामागे मंडळी जेनीने चालवली. आता गोऱ्यांच्या मोठाल्या संस्था उभ्या राहिल्या होत्या, ही विधवा तबेल्यात उपासना घेत होती. 1930 च्या सुमारास बाहेरून आलेल्या एका माणसाने मंडळीवर हक्क सांगितला, प्रकरण कोर्टात गेलं. 1931 मध्ये इमारत पाडली. जेनी उरलेल्या माणसांना घेऊन याच घरात, याच बैठकीच्या खोलीत परत आली. 2 जुलै 1936 ला तीही गेली. समोर जिथे ती राहायची तिथे तिच्या नावाचं काही नाही. आजीबाईंना मी ते बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, तिच्याबद्दल विचारणारे फार येत नाहीत.

परतताना गाडीत भाच्याशी भांडण झालं. त्याचं म्हणणं, पत्त्यांच्या याद्या हीच खरी मिळकत, सीमूरने त्या बाईवर तेव्हाच दावा ठोकायला हवा होता. मी म्हटलं, विश्वासी विश्वासी आपसात कोर्टात जात नाहीत, करिंथकरांस पत्रात लिहिलंय. "मग जेनीचं प्रकरण कोर्टात गेलंच ना शेवटी?" यावर मला उत्तर सुचेना. भाचेसूनबाई मागून म्हणाल्या, "मामा, तुमच्या आईंनी काय केलं असतं?" आईने पहिल्याच आठवड्यात वकील गाठला असता, आणि पपांना जेवायला वाढताना सांगितलं असतं.

आर्टेशियात वडापाव मिळतो. तिकडे वळलो.